दाढ निघाली, खड्डा उरला

“अक्कलदाढ काढून आज तिसरा दिवस. परवा संध्याकाळी गाल बरा होता, आज टम्म फुगलाय. तोंड नीट उघडत नाही. काही बिघडलंय का?”

दंतवैद्यांना फोनवर हा प्रश्न सर्रास विचारला जातो. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. क्वचित ‘हो, लगेच या’ असंही असतं. या दोहोंतला फरक पेशंटला घरबसल्या ओळखता यावा, एवढ्यासाठी हे प्रकरण आहे.

दाढ काढल्यावर हातात सूचनांचा कागद मिळतो. थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉ वापरू नका, गरम खाऊ नका. ‘नका’ची यादी लांबलचक असते, पण कारण कुठेच लिहिलेलं नसतं. कारण कळलं नाही की माणूस चार नियम पाळतो आणि नेमका पाचवा मोडतो. खरं तर यातल्या बहुतेक सूचना एकाच गोष्टीच्या राखणीसाठी आहेत. ती गोष्ट म्हणजे खड्ड्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी.

१. एकीची दाढ सहज निघते, दुसरीची का नाही?

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. तोवर बाकीच्या दातांनी जबड्यातली जागा धरलेली असते. जागा पुरली तर दाढ सरळ वर येते. नाही पुरली तर ती हाडातच अडकते, तिरकी होते, किंवा आडवी पडून शेजारच्या दाढेला टेकते. अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली अन्न अडकतं आणि ती जागा वरचेवर सुजते.

सरळ आलेली दाढ चिमट्याने निघते. अडकलेल्या दाढेसाठी हिरडीला छेद द्यावा लागतो, थोडं हाड कोरावं लागतं, कधी दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते आणि वर टाके पडतात. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, खालच्याचं घट्ट. म्हणून खालच्या अडकलेल्या दाढेनंतर त्रास जास्त होतो. “मला तर दुसऱ्याच दिवशी ऑफिसला जाता आलं” असं सांगणाऱ्या मैत्रिणीची दाढ कोणती होती आणि कशी निघाली, हे विचारल्याशिवाय तिच्याशी तुलना करू नये.

दाढ अडकलेली आहे एवढ्यावरून ती काढायलाच हवी, असंही नाही. ब्रिटनमध्ये २००० सालापासून सरकारी मार्गदर्शक सूचना आहे की त्रास न देणारी, रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ सरसकट काढू नये. काढण्यामागे काहीतरी कारण हवं.

२. पहिला तास: गुठळी धरते

दाढ निघाली की हाडात मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो आणि तो रक्ताने भरतो. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेच्या तोंडाशी चिकटतात. मग फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे विणले जातात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. ती खालचं हाड आणि नसांची टोकं झाकते, आणि नवीन पेशींना आत शिरायला आधार देते.

विरजण लावलेलं पातेलं आपण हलवत नाही. लागत आलेलं दही ढवळलं तर ते फुटतं आणि पाणी सुटतं. ताज्या गुठळीचंही तसंच आहे. तिला सुरुवातीला हवा असतो स्थिरपणा.

आता तो सूचनांचा कागद पुन्हा वाचा. डॉक्टरांनी ठेवलेला गॉझचा बोळा साधारण अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा असतो. दाब हेच रक्त थांबवण्याचं औषध. ‘थांबलं का’ म्हणून दर पाच मिनिटांनी बोळा काढून पाहिला तर दर वेळी गुठळी सुरुवातीपासून धरावी लागते. थुंकताना आणि स्ट्रॉने ओढताना तोंडात ओढ तयार होते, तिने गुठळी सैल होते. जोरात चूळ भरली तर ती वाहून जाते. म्हणून पहिले २४ तास लाळ सरळ गिळायची. जीभ आपोआप खड्ड्याकडे जाते, तिलाही आवरायचं. बोट आणि काडी तर लांबच.

पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणं, सकाळी उशीवर फिकट लाल डाग असणं, यात नवल नाही. कपभर पाण्यात रक्ताचे चार थेंब टाकले तरी सगळं पाणी रंगतं. तोंडात तेच होतं, रक्त थोडं आणि लाळ भरपूर. तोंड भरून ताजं लाल रक्त पुन्हा पुन्हा येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ताठ बसा, स्वच्छ ओला गॉझ घडी करून बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास न बोलता चावून धरा. गॉझ नसेल तर काळ्या चहाची ओली, थंड केलेली टी-बॅग चालते. चहातल्या टॅनिनमुळे रक्त थांबायला मदत होते. एवढं करूनही थांबलं नाही तर दवाखाना गाठा. झोपताना दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा.

३. भूल उतरण्याआधी गोळी

दाढ काढताना बहुधा लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. हे औषध स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने १९४३ साली तयार केलं. खालच्या जबड्याला दिलेल्या इंजेक्शनने ओठ आणि जीभ साधारण तीन ते पाच तास बधिर राहतात. या वेळात दुखत नाही, म्हणून दोन चुका होतात. एक, गरम चहा पिऊन ओठ किंवा जीभ भाजते. दुसरी, बधिर ओठ नकळत चावला जातो. जेवायचं ते संवेदना परत आल्यावरच.

तिसरी चूक गोळीची. ‘दुखायला लागलं की घेऊ’ म्हणून थांबलं तर भूल उतरते आणि दुखणं एकदम अंगावर येतं. गोळी पोटात गेल्यावर परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून डॉक्टर पहिली गोळी भूल असतानाच घ्यायला सांगतात.

अक्कलदाढेच्या ऑपरेशनने वैद्यकशास्त्राला मोठी मदत केली आहे. नवीन वेदनाशामक औषध तपासायचं तर एकाच प्रकारचं दुखणं असलेली, एरवी धडधाकट माणसं हवीत. अक्कलदाढ काढलेल्या तरुणांमध्ये ती सापडतात. त्यामुळे अनेक वेदनाशामकांची परीक्षा याच दुखण्यावर झाली. कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली अशा चाचण्यांचा आढावा घेतला. खालच्या अक्कलदाढेनंतर ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा जास्त आराम देतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पण आयब्युप्रोफेन सगळ्यांना चालत नाही. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दुखतंय म्हणून मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त जास्त वेळ वाहतं. आणि हृदयरोगासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका.

पॅरासिटामॉलचा हिशेब मात्र घरी करता यायला हवा, कारण ते अनेक गोळ्यांत लपलेलं असतं. समजा, डॉक्टरांनी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा दिली. झाले २६००. घरात पडलेली जुनी ‘जॉइंट’ वेदनाशामक गोळी तुम्ही दोनदा घेतली, तिच्यात ३२५ मिलिग्रॅम होतं. झाले आणखी ६५०. त्यात सर्दी झाली म्हणून सर्दीची गोळी तीनदा घेतली, प्रत्येकीत ५००. आणखी १५००. बेरीज ४७५०. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. त्यापलीकडे यकृताला धोका असतो. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायचं ते यासाठी.

४. तिसऱ्या दिवशी सूज का वाढते?

जखम झाली की शरीर तिथला रक्तपुरवठा वाढवतं. रक्तवाहिन्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, कचरा साफ करतात, दुरुस्तीची तयारी करतात. हा द्रव हळूहळू साठतो, म्हणून सूज पहिल्या दिवशी कमी आणि ४८ ते ७२ तासांनी सर्वांत जास्त असते. नंतर ती उतरते आणि आठवड्याभरात बरीचशी जाते. तिसऱ्या दिवशी आरशात दिसणारा गाल हा या कामाचा शिखरबिंदू आहे. चौथ्या दिवसापासून उतार दिसायला हवा.

पहिले एक-दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तेवढाच वेळ काढा, पुन्हा ठेवा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. गरम शेक पहिल्या दिवशी नको. दोन दिवसांनंतर कोमट शेक जबड्याच्या आखडलेल्या स्नायूंना बरा वाटतो.

तोंड न उघडणं हेही याच गोष्टीचं दुसरं अंग. जबडा हलवणारे स्नायू दाढेच्या अगदी लगत असतात. सुजेने आणि इंजेक्शनच्या सुईने ते आखडतात. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. दाढ काढल्यावर एखादं बोटच मावलं तरी घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुखेल न दुखेल इतपत तोंड उघडण्याचा सराव करा. आठवडा ते दोन आठवड्यांत ते पूर्ववत होतं. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा आधीच ताठर झालेली असू शकते. त्यांनी दाढ काढण्यापूर्वीच किती बोटं मावतात ते डॉक्टरांना दाखवावं.

आणखी दोन गोष्टी बघून लोक दचकतात. गालावर किंवा मानेवर निळसर-पिवळा डाग पडतो. तो त्वचेखाली उतरलेल्या रक्ताचा असतो आणि आपोआप जातो. दुसरं म्हणजे मोबाइलच्या टॉर्चने तोंडात बघितलं की खड्ड्यावर पांढरट-पिवळसर पापुद्रा दिसतो. ‘पू झाला’ म्हणून कुणी तो कापसाने पुसायला जातं. तो पू नसतो, भरत येणाऱ्या जखमेचं आवरण असतं. ते पुसू नका.

५. गुठळी निघून गेली तर: ड्राय सॉकेट

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं दुखणं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक उसळलं, ठणका कानापर्यंत जाऊ लागला, तोंडाला घाण वास किंवा चव आली आणि गोळीने फरक पडेना, तर बहुधा गुठळी वेळेआधी विरघळली किंवा निघून गेली आहे. खड्ड्यात उघडं हाड राहतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड या अमेरिकी दंतवैद्याने १८९६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं.

साध्या दात काढण्यात हे शंभरात दोन ते पाच जणांना होतं. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेत मात्र काही अभ्यासांत हे प्रमाण २५-३० पर्यंत गेलेलं आहे. अवघड ऑपरेशन, वाढतं वय, गर्भनिरोधक गोळ्या यांनी शक्यता वाढते. पेशंटच्या हातातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे तंबाखू. सिगारेट-बिडीने दुहेरी नुकसान होतं. झुरका घेताना गुठळीला ओढ बसते आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. गुटखा आणि तंबाखूची गोळी जखमेशेजारीच ठेवली जाते, आणि ती चघळली की थुंकणं आलंच. घरातल्या मोठ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. बोटाने दातांवर घासताना ती सरळ खड्ड्यात जाते. किमान पहिले तीन-चार दिवस यातलं काहीही नको. तेवढे दिवस राहता आलं तर पुढेही सोडून बघायला हरकत नाही.

ड्राय सॉकेट भयंकर दुखतं, पण ते धोकादायक नसतं आणि त्यावर लगेच आराम मिळतो. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरतात. तिच्यात बहुधा लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. पण म्हणून घरच्या लवंग तेलाचे थेंब खड्ड्यात सोडू नका. शुद्ध तेलाने हिरडी भाजते.

६. ताटात काय?

पहिल्या दिवशी थंड किंवा कोमट आणि चावावं न लागणारं. दही, ताक, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, सुका मेवा नसलेलं आईस्क्रीम. शहाळं चालेल, पण पेल्यात ओतून. शहाळेवाला देतो ती स्ट्रॉ तिथेच ठेवून या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, दुधात भिजवलेली भाकरी, उकडलेला बटाटा, केळं, मऊ अंडं. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून नुसत्या ज्यूसवर राहू नका. मधुमेह असेल तर ‘मऊ खायचंय’ या सबबीवर आईस्क्रीम आणि शिऱ्याचा मारा नको. साखर वाढली की जखम रेंगाळते.

टाळायचं ते कुरकुरीत, तिखट आणि बारीक दाण्यांचं. चिवडा, फरसाण, ठेचा, लोणचं, तिळाची चटणी. वरून निरुपद्रवी वाटणाऱ्या पदार्थांतही गोम असते. फोडणीतली मोहरी खड्ड्यात जाऊन बसते. उपवासाच्या साबुदाणा खिचडीतलं शेंगदाण्याचं कूटही तसंच. आठवडाभर फोडणीत मोहरीला सुट्टी द्या, जिरं टाकायचं तर पूड करून टाका.

२४ तास उलटले की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू करायच्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर. पाणी तोंडात घ्या, मान हळूच एकीकडून दुसरीकडे कलती करा आणि बेसिनवर वाकून तोंड उघडा. पाणी आपोआप पडू द्या. खळखळाट नको, पिचकारी नको. बाकीचे दात मात्र नेहमीसारखे ब्रशने घासायचे, फक्त खड्ड्याला धक्का न लावता.

७. खड्डा भरतो कधी?

पहिल्या आठवड्यात गुठळीत बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि तिची जागा लालसर, नाजूक ऊतक घेतं. तीन-चार आठवड्यांत हिरडी वरून मिटत येते. हाड मात्र सावकाश काम करतं. खड्डा नवीन हाडाने भरायला काही महिने लागतात. ही सगळी कामं न दुखता चालतात, म्हणून पंधरवड्यानंतर आपण दाढ विसरतो.

मधल्या काळात खड्ड्यात अन्न अडकतं. टूथपिकने टोकरू नका. साधारण आठवड्याभराने डॉक्टर वाकड्या टोकाची प्लास्टिकची पिचकारी देतात. तिने कोमट पाणी हळू सोडून खड्डा धुवायचा, पण त्यांनी सांगितल्यावरच. कधी काही आठवड्यांनी हिरडीतून हाडाची बारीक कपची टोचू लागते. शरीर ती बाहेर ढकलत असतं. ती स्वतः उपटू नका, दाखवा.

खालच्या दाढेजवळून ओठाच्या आणि जिभेच्या संवेदनेच्या नसा जातात. त्यांना धक्का बसला तर ओठ, हनुवटी किंवा जीभ भूल उतरल्यावरही बधिर राहते. बहुतेकांची संवेदना काही आठवडे ते काही महिन्यांत परत येते. मुंग्या येणं हे ती परतत असल्याचं लक्षण. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही असेल तर डॉक्टरांकडे त्याची नोंद करून ठेवा. वरच्या दाढेच्या मुळाशी सायनसची पोकळी असते. वरची दाढ काढल्यावर आठवडा-दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्या. पाणी पिताना ते नाकातून आलं तर लगेच कळवा.

८. वाट न पाहता निघायचं कधी?

वरचं सगळं एका ओळीत सांगायचं तर, तिसऱ्या दिवसापर्यंत सूज वाढू शकते, त्यानंतर ती रोज उतरायला हवी. आलेख उलटा फिरला की दाखवायचं. चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज, १०१ अंशांच्या वर ताप, खड्ड्यातून पू, किंवा दाबूनही न थांबणारं रक्त, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

गिळता येत नसेल, श्वास जड झाला असेल, जिभेखालचा किंवा हनुवटीखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली जात असेल, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट पाहू नका. सरळ मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. मानेत पसरणारा जंतुसंसर्ग श्वासनलिका दाबू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो.

दाढ काढल्यावर तोंडात बोळा असतो, बोलता येत नाही. म्हणून चार प्रश्न आधीच विचारून कागदावर लिहून घ्या, नाहीतर सोबतच्या माणसाला विचारायला सांगा. हाड कोरलं का? टाके विरघळणारे आहेत की आठवड्याने काढायला यायचं? कोणती गोळी किती वाजता, आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर किती दिवस? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? कागदावर दाढ काढल्याची तारीख आणि वेळही लिहा. सूज पाहून कुणी घाबरलं तर आधी त्या वेळेपासून किती तास झाले ते मोजा आणि मगच चांगलं की वाईट ते ठरवा.